एका बादलीचं इंग्रजी

मला कोकरेबाईंचा हेवा वाटायचा, असं मी म्हणते तेव्हा लोक कौतुकानं बघतात. मॅडमचं मन मोठं, कबूल तरी करतात, असं त्यांना वाटतं. त्यातलं ‘वाटायचा’ तेवढं खोटं आहे. वाटतो. आजही वाटतो. परवा आयर्लंडहून सायलीचा फोन आला. सायली म्हणजे माझी मुलगी, तिकडं नर्स आहे. फोन उचलल्या उचलल्या तिनं विचारलं, सिस्टर भेटल्या का गं? कोकरेबाईंना सगळे सिस्टरच म्हणतात. माझ्या गुडघ्याची चौकशी त्यानंतर. झालं, दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. म्हणून ठरवलं, या बाईबद्दल एकदाचं लिहून मोकळं व्हायचं.

बारामतीत भिगवण रोडला एका भांड्यांच्या दुकानाच्या वर माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. जगताप मॅडमचा क्लास म्हटलं की कुठलाही रिक्षावाला आणून सोडतो. त्याआधी बावीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माझे उच्चार ऐकून लोक विचारतात, मॅडम, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का? मी बारामतीचीच, पण ते मी लगेच सांगत नाही. क्लासच्या समोरच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला तक्ता आहे. सगळ्यात वर लाल रंगात ‘मस्ट’, त्याखाली ‘शुड’, मग ‘वुड’, ‘कुड’, ‘मे’, आणि पार तळाला फिकट पिवळ्यात ‘माइट’. कुठला शब्द किती जोराचा, ते एका नजरेत कळावं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवून मी तो तक्ता केला होता.

नवशिक्यांच्या बॅचला शिकवायला कुणीतरी हवं होतं म्हणून मी दारावर पाटी लावली. चार दिवसांनी तास चालू असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीच्या आसपास वय, निळ्या काठाचं पांढरं सुती पातळ, घट्ट अंबाडा, हातात छत्री आणि काळी पर्स.

‘म्याडम, आत येऊ, का तास सपल्यावर येऊ?’

मी म्हटलं, आत या. खरं म्हणजे तासाला मी कुणालाच आत घेत नाही. दारात उभं राहिलेल्या नवऱ्यालासुद्धा मी खाली दुकानात बसायला लावते. पण त्या दिवशी मी म्हटलं, आत या, आणि त्यात काही वेगळं घडलंय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

नाव सुमन कोकरे. गाव इंदापूर तालुक्यातलं कळस. आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. इंग्रजीची पदवी नाही, कसला कोर्स नाही. मग इंग्रजी कुठं शिकलात, असं मी जरा वरच्या पट्टीतच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘एका बादलीवर.’

त्याची गोष्ट अशी. सरकारी नोकरी लागायच्या आधी त्या बारामतीत एका खासगी दवाखान्यात होत्या. राहायला एक खोली, आणि खोलीत सोबतीला केरळची एक सिस्टर. तिला मराठी येईना, हिंदी जेमतेम. यांना मराठीखेरीज काही येईना. दोघींत मिळून बादली एक, स्टोव्ह एक आणि आरसा एक. ड्युटी दोघींची सकाळी सातची. रोज पहाटे एकमेकींना काहीतरी मागितल्याशिवाय दिवस सुरूच व्हायचा नाही, आणि मागायला दोघींच्यात सामाईक भाषा एकच, केसपेपरवरची इंग्रजी. आपण शाळेत पहिलं वाक्य शिकलो ते मांजराचं नाहीतर उंदराचं. या बाईचं आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य होतं, मी बादली घेऊ, का तुझं होऊ दे आधी? कुड आय टेक द बकेट, ऑर वुड यू फिनिश फर्स्ट? सहा वर्षं त्या एका बादलीवर काढली आणि एकदाही भांडण झालं नाही, असं त्या सांगत. मी हसले आणि त्यांना ठेवून घेतलं. नवशिक्यांना एवढं इंग्रजी पुष्कळ झालं, असं मला वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात खालच्या दुकानदारानं वर येऊन तक्रार केली की डोक्यावर फर्निचर ओढताय का. मी जाऊन बघते तर बाईंनी सगळ्या खुर्च्या गोल केलेल्या. आमच्याकडं इंग्रजी बोलायचं म्हणजे उभं राहायचं. शाळेपासून तशीच सवय. बाई प्रश्न विचारतात, पोरगं हाताची घडी घालून उभं राहतं आणि छताकडं बघत वाक्य म्हणतं. माझ्याही क्लासात तोच नियम होता. कोकरेबाईंचं म्हणणं, माणसाला काही सांगायचं, विचारायचं असेल तर आधी त्याच्याशेजारी बसायचं. ‘उभ्यानं विचारलं की ते हुकमावाणी वाटतं, म्याडम. मंग तुमी कितीबी प्लीज म्हना.’ त्यांच्या तासाला बसल्याशिवाय तोंडच उघडू द्यायच्या नाहीत. मधल्या टेबलावर पाण्याची एक बाटली, आणि तासभर ती बाटली याच्याकडून त्याच्याकडं, प्रत्येकानं नव्या तऱ्हेनं मागायची. पाणी संपलं की तास संपला.

माझा तक्ता बघून मात्र त्या खूश झाल्या होत्या. लई झ्याक केलाय म्हणाल्या, आणि त्याच्याच खिळ्याला त्यांनी छत्री अडकवली. त्या असेपर्यंत ती छत्री रोज तिथंच असायची, ‘मे’ आणि ‘माइट’ तिच्यामागं झाकलेले. मी दोनदा काढून ठेवली. दोन्ही वेळा त्यांनी माझे आभार मानले आणि पुन्हा तिथंच अडकवली.

तक्त्यातल्या प्रत्येक शब्दाला त्यांनी आपला एक माणूस नेमून दिला होता. ‘शुड’ ही सासूची भाषा. ‘कुड’ शेजारणीची, ‘मे’ साहेबापुढची. ‘माइट’ डॉक्टरची, कारण डॉक्टर कधी नक्की सांगत नाही. आणि ‘मस्ट’? ते आग लागल्यावर. घराला आग लागली असेल तर खुशाल ‘यू मस्ट’ म्हणा, एरवी त्या शब्दाला हात लावायचा नाही. हे सगळं पोरं वहीत उतरवून घ्यायची. माझ्या तासाला फोनमध्ये फोटो काढायची, वहीत उतरवायची नाहीत.

त्यांच्या इंग्रजीत चुका किती असाव्यात! ‘यू वॉज’ म्हणायच्या. ‘डिड यू वेंट’ असलं काहीबाही बिनदिक्कत ठोकून द्यायच्या. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर मी त्या चुकांची यादी करायला घेतली. कशासाठी ते विचारू नका, मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. यादी एकोणचाळीसवर गेली तेव्हा न राहवून मी भर वर्गात जाऊन त्यांना सुधारलं. वाटलं, बाई ओशाळतील. त्या खुर्चीत माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, थँक यू म्याडम, वुड यू से इट वन्स मोअर फॉर अस? मग सगळ्या बॅचकडून ते बरोबर वाक्य म्हणून घेतलं आणि म्हणाल्या, बघा, चूक दाखवून दिलेलं कसं घ्यायचं असतं, ते बी आज शिकलात. आता काय करायचं अशा बाईचं? मी वर्गातून बाहेर आले आणि गॅलरीत उगाच कुंड्यांना पाणी घालत बसले.

गावडे नावाचा एक डाळिंबाचा बागायतदार त्यांच्या बॅचला होता, त्यांच्याच गावचा. माल परदेशी जायचा, त्यामुळं अधूनमधून गोरे पाहुणे बाग बघायला यायचे. पहिल्यांदा पाहुणा आला तेव्हा गावडेनं आपल्या रीतीप्रमाणं त्याला आग्रह केला. आपला आग्रह म्हणजे माहीतच आहे, नको म्हणणाऱ्याच्या ताटात भाकरी टाकून मोकळं व्हायचं. तो आग्रह गावडेनं इंग्रजीत केला. यू मस्ट सिट. यू मस्ट ईट. यू विल टेक वन मोअर. समोर उभा राहून, कमरेवर हात ठेवून, पहाडी आवाजात. पाहुणा मुकाट्यानं तीन भाकरी खाऊन गेला आणि नंतर माल घेणाऱ्यांना म्हणाला, शेतकरी माझ्यावर कशानं चिडला होता कोण जाणे. गावडेच्या फार जिवाला लागलं ते. एवढं जीव लावून खाऊ घातलं आणि वर हे ऐकायचं.

मी त्याला तक्त्यापुढं उभं करून आठवडाभर घोकवलं. तोंडातून ‘मस्ट’च यायचं. कोकरेबाईंनी त्याला एकच सांगितलं. ‘गावडे, पाव्हणा आजारी हाय असं समजा. आजारी माणसाला आपण ताटात वाढतो का? शेजारी बसतो आन विचारतो, जरा पेज घेता, का दूधच दिऊ?’ पुढच्या खेपेला पाहुणे आले तेव्हा गावडे शेजारी मांडी घालून बसला आणि विचारलं, वुड यू लाइक अ लिटल भाकरी, ऑर सम राइस फर्स्ट? पाहुण्यांनी भाकरी खाल्ली, भात खाल्ला आणि आणखी मागून घेतलं. गावडेनं क्लासला डाळिंबाचं खोकं आणलं ते सरळ कोकरेबाईंपुढं ठेवलं. मला त्यातली दोन मिळाली, ती कोकरेबाईंनी दिली. मी ती घरी नेली आणि आठ दिवस फोडली नाहीत.

इथवर सगळं माझ्या पोटातल्या पोटात होतं. दुसऱ्याचं इंग्रजी मोडकं असूनही त्याच्या बॅचला गर्दी होते, एवढ्यानं कुणी मरत नाही. खरं जे झालं ते सायलीवरून.

सायली पुण्यात तीन वर्षं नर्स होती. आयर्लंडला जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात बोलण्याचा एक भाग असतो. समोर एक बाई पेशंट बनून बसते, औषध नको म्हणते, घरी जायचं म्हणते, आणि तुम्ही तिला इंग्रजीतून समजावायचं. तयारीसाठी सायली नोकरी सोडून घरी आली. मी दोन महिने तिला स्वतः तयार केलं. उच्चार असे की ऐकत राहावं. वाक्यात एक चूक सापडायची नाही. आणि तरी पोरगी बोलण्याच्याच भागात नापास झाली. बाकी सगळ्यात पास, माझ्या विषयात नापास. कसं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आई, मी बोलायला लागले आणि त्या बाईनं हाताची घडी घातली. ती शेवटपर्यंत सोडलीच नाही.’

परीक्षा पुन्हा देता येत होती, पण तिकडच्या हॉस्पिटलातली जागा तिच्यासाठी फार काळ राहणार नव्हती. दुसऱ्यांदा चुकलं असतं तर आयर्लंड विसरावं लागलं असतं. मी पुन्हा कंबर कसली. रोज सकाळी दोन तास. ती मान डोलवायची, मी सांगेन ते म्हणायची आणि रविवारी मैत्रिणीकडं अभ्यासाला म्हणून इंदापूरला जायची. बरं आहे, म्हटलं, पोरगी झटून अभ्यास करते.

एक दिवस गावडे फळं द्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, ‘सायलीताई लई कष्ट घेत्यात बघा. दर रविवारी सिस्टरच्या अंगणात असत्यात.’ बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं की आपण काय बोलून गेलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पोटची पोर, माझ्या घरात राहून, मला खोटं सांगून त्या बाईकडं इंग्रजी शिकायला जाते! जिला ‘यू वॉज’ आणि ‘यू वेअर’ यांतला फरक कळत नाही तिच्याकडं!

पुढच्या रविवारी सायली निघाल्यावर अर्ध्या तासानं मी स्कूटी काढली. भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं मागं धूळ खात गेले, तिथून पुढं विचारत विचारत कळस गाठलं. कोकरेबाईंचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर होतं. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, कडेनं शेराचं कुंपण. आत जाऊन दोघींना चांगलं झापायचं असं रस्ताभर ठरवून आले होते. कुंपणापाशी स्कूटी लावली आणि आतलं दिसलं तशी तिथंच थबकले.

अंगणात बाजेवर एक म्हातारा बसला होता. कोकरेबाईंचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. उभी हयात मेंढरांमागं गेलेली, आता नव्वदीला टेकलेले. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. सायली त्यांच्यापुढं बीपीचं मशीन घेऊन बसली होती आणि कोकरेबाई बाजूला भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. परीक्षा अशी होती की सायलीनं आबांना इंग्रजीतून हात पुढं करायला सांगायचं. खुणा करायच्या नाहीत, मराठी बोलायचं नाही. आबांनी हात पुढं केला की पास.

सायली म्हणाली, यू शुड गिव्ह मी युअर आर्म नाऊ, इट इज इम्पॉर्टंट. माझं वाक्य. माझा उच्चार, माझा चढ, माझी धार. मला कुंपणामागं ऐकताना बरं वाटलं. आबांनी दोन्ही हात काखेत घालून टाकले.

कोकरेबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या, सासूबाई आल्या. सायली हसली. बाजेवर आबांच्या शेजारी जाऊन बसली. मग हळू विचारलं, वुड यू लाइक टू गिव्ह मी धिस आर्म, आबा, ऑर द अदर वन? आबांनी तिच्याकडं बघितलं आणि सावकाश उजवा हात काखेतून काढून तिच्या मांडीवर ठेवला.

‘काय कळलं आबा तुमास्नी?’ कोकरेबाईंनी विचारलं.

‘कळाय काय लागतंय,’ आबा म्हणाले. ‘मेंढराला तरी कुठं मराठी येतं? बोलावल्यावर येतंच की.’

तिघंही हसले. मी कुंपणाबाहेर उभी. झापायचं राहिलं बाजूला. मला रडूच यायला लागलं, आणि ते पोरगी शिकली म्हणून नव्हतं. त्या आवाजात सायली माझ्याशी कधी बोलली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मीही तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिच्या जन्मापासून आमच्या घरात सगळा कारभार तक्त्याच्या वरच्या दोन ओळींतच चालला होता. मी स्कूटी ढकलत रस्त्यापर्यंत नेली, आवाज नको म्हणून, आणि मग चालू करून घरी आले.

घरी येईपर्यंत रडू वाळलं होतं आणि राग तेवढा उरला होता. सोमवारी बाई आल्या, छत्री तक्त्यावर अडकवली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कोकरेबाई, उद्यापासून येऊ नका. कारण दिलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. माझ्याकडं नीट बघितलं मात्र. माझ्या स्कूटीच्या चाकाच्या खुणा त्यांना कुंपणापाशी दिसल्या असाव्यात, असं मला नंतर वाटलं.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘उद्यापासनंच नको, का ही बॅच सपल्यावर?’

‘बॅच संपल्यावर,’ मी म्हटलं, आणि ऐटीत केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी दूध तापवताना एकदम डोक्यात प्रकाश पडला. दूध उतू गेलं तरी मी तशीच उभी. मी त्या बाईला उद्यापासून काढलं होतं, आणि तिनं मला दोन हात दाखवून त्यातला एक पुढं करायला लावला होता! अगदी पहिल्या दिवशी दारातसुद्धा तेच. बॅच संपायला तीन आठवडे होते. सायलीची परीक्षा तिसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे तोवर पोरीचे रविवार बिनबोभाट. खेड्यापाड्यांत पस्तीस वर्षं सुया टोचत फिरलेली बाई ती, मला कधी टोचलं ते कळूही दिलं नाही. शब्द फिरवायचा तर ते माझ्या स्वभावात नाही. ते तीन आठवडे मी दात-ओठ खात काढले. रविवारी सायली इंदापूरला निघाली की मी तिला डबा भरून द्यायचे आणि काही माहीत नसल्यासारखं विचारायचे, मैत्रिणीला आवडते का गं माझी चटणी?

बॅच संपली. कोकरेबाईंनी शेवटच्या दिवशी खुर्च्या स्वतः उचलून पहिल्यासारख्या रांगेत लावल्या, छत्री काढून घेतली आणि गेल्या. पुढच्याच महिन्यात निकाल लागला. मी स्वयंपाकघरात होते, सायली बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसलेली. आधी एक किंकाळी ऐकू आली, मी हात पुसत बाहेर निघाले, तोवर ती फोनवर बोलायला लागली होती. ‘सिस्टर, झाले मी पास! आबांना सांगा!’ मी परत आत वळले आणि पोळी लाटायला घेतली. मग ती आत आली, मागून गळ्यात पडली. मी म्हटलं, कळलं मला, पिठाचे हात आहेत, लांब हो. आनंद झाला नाही असं नाही. पण त्या आनंदात कोणीतरी माझ्याआधी जेवून उठलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी सायली बॅग भरता भरता म्हणाली की तुला सगळं माहीत होतं हे मला डब्यांवरूनच कळलं होतं, मैत्रीण एकटी एवढं खाईल का. मी स्वेटरांच्या घड्या घालत राहिले. मग ती म्हणाली, ‘आई, सिस्टरना परत बोलाव. क्लासला त्या हव्यात. आणि सांगू नकोस गं. विचार.’

ते तर मलाही दिसत होतं. नवीन बॅचला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जो येईल तो आधी विचारायचा, सिस्टर कधी आहेत? पण क्लासचं निमित्त सोडा. मला त्या बाईला एकदा सांगायचं होतं की तुमच्यामुळं माझी पोरगी तिकडं गेली, बरं झालं. शेवटी एक दिवस पेढे घेतले आणि निघाले. रस्ताभर वाक्य घोळवत होते. तुम्ही परत याल का? येता का पुन्हा? सोमवारपासून जमेल का तुम्हाला? इंग्रजीत म्हणून बघितलं, मराठीत म्हणून बघितलं. भवानीनगरला थांबून उसाचा रस पिताना पुन्हा एकदा म्हटलं. रसवाला बघायला लागला तशी गप्प बसले.

कोकरेबाई अंगणातच होत्या. मला बघून त्यांनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली, बाजेशेजारी ठेवली. बसा म्हणाल्या. मी म्हटलं, नको, उशीर होतोय, उभीच बरी. कसला उशीर? सकाळचे अकरा वाजले होते. त्या पाणी घेऊन आल्या, ते मी उभ्यानंच प्यायले. आबा बाजेवर बसून माझ्याकडं बघत होते. पेढे दिले. सायलीचं बरं चाललंय म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, व्हय, काल रातच्याला फोन होता तिचा, थंडी लई हाय म्हणत होती. थंडीचं मला सायलीनं सांगितलं नव्हतं. मला फोन येऊन तीन दिवस झाले होते.

तिथंच माझं बिनसलं. रस्ताभर घोळवलेलं वाक्य घशात होतं ते खाली उतरलं. मी नुसती उभी राहिले, पर्सची चेन उघडत आणि लावत. कोकरेबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि मला कळत होतं की त्यांना सगळं कळलंय. मी कशाला आले ते, काय विचारायचंय ते आणि का विचारता येत नाहीये तेही. मग त्यांनीच माझं काम हलकं केलं.

‘म्याडम, येऊ का मी सोमवारपासनं, का सण झाल्यावर?’

दोन हात पुढं ठेवले होते. कुठलाही एक धरला असता तरी चाललं असतं. त्यासाठीच तर मी तीस किलोमीटर आले होते. पण या खेपेला मला सुई दिसली. आणि वाटलं, म्हणजे मला विचारताही येत नाही, तेही हिनंच करायचं. माझी मुलगी हिची, माझी पोरं हिची, आता माझं तोंडही हिचंच. मी हसले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘राहू द्या कोकरेबाई. या वयात तुम्हाला रोजचं येणं-जाणं किती लांब पडेल. मलाच बरं वाटणार नाही.’

एक शब्द वावगा नव्हता त्यात. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. बावीस वर्षं शिकवून, सुट्टीभर तक्ता रंगवून मला जे जमलं नव्हतं ते नम्र बोलणं त्या दिवशी पहिल्यांदा जमलं, आणि ते दार लावायला. आबांनी माझ्याकडं बघत आपले दोन्ही हात सावकाश काखेत घातले.

‘व्हय,’ कोकरेबाई म्हणाल्या. ‘लांब तर पडतंयच.’

वाटेनं खायला म्हणून त्यांनी पिशवीत भाजलेल्या शेंगा घातल्या, ती मी घेतली. स्कूटी चालू केली. वळताना आरशात अंगण दिसलं. खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, तरी त्यांनी ती पुन्हा एकदा पदरानं पुसली, उचलली आणि आत नेऊन ठेवली.